विमान सुटल्यानंतरचं जकार्ता

विमानाच्या शिडीवरून उतरणाऱ्या त्या गोऱ्या तरुणाला नजरेआड होऊ देऊ नका. जून १९६५ चालू आहे आणि तुम्ही जकार्ताच्या केमायोरान विमानतळावर उभे आहात. तरुणाचं नाव गाय हॅमिल्टन. ऑस्ट्रेलियन नभोवाणीचा नवा वार्ताहर. परदेशातली पहिलीच नेमणूक, आणि ज्याच्या जागी तो आलाय तो गृहस्थ एकही ओळखपाळख करून न देता आधीच निघून गेलेला. मेल गिब्सनला तुम्ही ओळखलंतच. पीटर वीअरच्या 'द इयर ऑफ लिव्हिंग डेंजरसली' या १९८२ च्या चित्रपटात तुम्ही शिरला आहात. बराच वेळ आपण त्याच्या कॅमेऱ्याबरोबर चालू. पण एका ठिकाणी मी तुम्हाला त्याची साथ सोडायला लावणार आहे. या चित्रपटावर माझं जेवढं प्रेम आहे, तेवढाच त्याच्या शेवटावर माझा आक्षेप आहे.

बाहेर पडताच लवंगेचा वास येईल. इथल्या क्रेटेक सिगारेटीत तंबाखूबरोबर लवंग घालतात आणि ओढताना ती तडतडते. पैसे बदलून घ्या, नोटांच्या गड्ड्या खिशात मावणार नाहीत. या वर्षी महागाई सहाशे टक्क्यांच्या घरात चालली आहे. डिसेंबरात सरकार जुन्या हजार रुपियांचा एक नवा रुपिया करणार आहे. सायकलरिक्षात बसा. आपल्याकडच्या उलट इथे प्रवासी पुढे बसतो आणि चालक मागून पायडल मारतो, त्यामुळे समोरचा ट्रक थेट तुमच्या अंगावर येतो. भिंतीभिंतींवर मलेशियाला चिरडण्याच्या घोषणा रंगवलेल्या आहेत. ब्रिटिशांच्या आशीर्वादानं झालेलं मलेशियाचं संघराज्य राष्ट्राध्यक्ष सुकार्नोंना मान्य नाही. त्या देशाला सुरक्षा परिषदेत जागा मिळाली म्हणून गेल्या जानेवारीत त्यांनी संयुक्त राष्ट्रसंघच सोडला. अमेरिकेला तर त्यांनी, तुमची मदत घेऊन खड्ड्यात जा, असं जाहीर सभेत सुनावलंय. बीटल्सच्या वळणाची गाणी वाजवली म्हणून कोएस बंधूंचा वाद्यवृंद लवकरच ग्लोडोकच्या तुरुंगात जाईल. धोक्यात जगण्याचं वर्ष हे नावही सुकार्नोंचंच. १७ ऑगस्ट १९६४ च्या स्वातंत्र्यदिनाच्या भाषणात एक इटालियन शब्दप्रयोग उचलून त्यांनी येणाऱ्या वर्षाचं हे बारसं केलं होतं.

रिक्षा हॉटेल इंडोनेशियापाशी थांबवा. चौदा मजले, वातानुकूलित खोल्या, समोरच्या चौकात उंच खांबावर हात उंचावून स्वागत करणारी कांस्याची जोडी. जपाननं युद्धाची भरपाई म्हणून दिलेल्या पैशातून हे हॉटेल उभं राहिलं आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धांसाठी उघडलं. त्या स्पर्धा आठवतात ना? इस्रायल आणि तैवानला इथे येऊ दिलं नाही, त्यावर एका भारतीय पदाधिकाऱ्यानं हरकत घेतली आणि जमाव आपल्या वकिलातीवर चालून गेला. अशा वातावरणात, हुर्यो उडवणाऱ्या प्रेक्षकांसमोर चुनी गोस्वामींच्या संघानं दक्षिण कोरियाला २–१ हरवून फुटबॉलचं सुवर्णपदक घेतलं. ते अजून ताजं आहे. सप्टेंबरात भारत-पाकिस्तान युद्ध पेटेल, इंडोनेशिया पाकिस्तानच्या बाजूनं उभा राहील आणि आपल्या वकिलातीवर पुन्हा मोर्चा येईल. तेव्हा कुठून आलात असं कुणी विचारलंच तर जपून उत्तर द्या.

हॉटेलच्या बारमध्ये परदेशी वार्ताहरांचा अड्डा आहे. चित्रपट त्यांच्याशी प्रामाणिक आहे, हे मला मान्य करावंच लागेल. बाहेर कालव्याच्या घाण पाण्यात माणसं अंघोळ करतात, भांडी घासतात, आणि आत ही मंडळी बर्फ घातलेल्या पेल्यांवर पैजा मारतात. वॉशिंग्टनच्या वर्तमानपत्राचा कर्टिस बातमीवर टपलेला आहे आणि बायकांवरही. जाडजूड वॉली सगळ्यांचा वडीलधारा आहे. शहराची गरिबी त्यांना दिसते, पण ती बातमीच्या मापात बसली तरच. वीअरनं यात कुणालाच राक्षस केलेलं नाही, म्हणून हा प्रसंग पाहताना जास्त अस्वस्थ व्हायला होतं.

आणि आता तो आला. फुलाफुलांचा ढगळ शर्ट, गळ्यात कॅमेरा, उंची बारच्या स्टुलाएवढी. बिली क्वान. बाप चिनी, आई ऑस्ट्रेलियन, पेशा छायाचित्रणाचा. ही भूमिका लिंडा हंट या अमेरिकन अभिनेत्रीनं केली. स्त्रीनं पुरुषाची भूमिका करून ऑस्कर मिळवण्याची ती पहिली वेळ. गोऱ्या अभिनेत्रीनं अर्ध्या चिनी माणसाचं सोंग घ्यावं का, हा प्रश्न आज उठतो आणि तो उठायलाच हवा. तरीही मी म्हणेन की त्या सबंध चित्रपटात जकार्तावर खरं प्रेम करणारा डोळा एकच आहे आणि तो बिलीचा. तो सगळ्यांच्या फायली ठेवतो: फोटो, सवयी, कुणाच्या मनात काय आहे त्याच्या नोंदी. गायला मोठी मुलाखत तोच मिळवून देतो. ब्रिटिश वकिलातीतली जिल ब्रायंट, म्हणजे सिगोर्नी वीव्हर, हिच्याशी गाठही तोच घालून देतो.

बिलीच्या बंगलीत जाऊ. भिंतीला टेकवलेल्या चामड्याच्या बाहुल्या बघा. तो एक उचलतो आणि गायला सांगतो, हा अर्जुन. गायच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही. तुमच्या मात्र लगेच लक्षात येतं. दुसरी बाहुली श्रीकांडी. ही आपलीच शिखंडी, पण जावात ती पुरती स्त्री आहे, धनुर्धर आहे आणि अर्जुनाची बायको आहे. तिसरी सेमार: ठेंगणा, ढेरपोट्या, कपाळावर झुलपाची शेंडी. याला तुम्ही व्यासांच्या महाभारतात शोधायला जाऊ नका. तो जावाच्या मातीतला. पांडवांचा सेवक, विदूषक, आणि मुळात खाली उतरलेला देव, शंकराचा भाऊ. बिली गायला समजावतो की बाहुल्यांकडे नाही, पडद्यावरच्या सावल्यांकडे बघायचं असतं. त्याच्या मनात गाय हा अर्जुन आहे, जिल श्रीकांडी, आणि स्वतः तो कोण हे सांगायला नको.

चित्रपट एवढ्यावर पुढे जातो. आपण मात्र बंगलीतून बाहेर पडू आणि एखाद्या वस्तीत रात्रभर चालणारा खरा खेळ बघू. पांढरा पडदा ताणलेला आहे, मागे डोक्याच्या उंचीवर दिवा टांगलाय. पडद्याच्या पायथ्याला केळीचे सोट आडवे टाकलेत आणि त्यात बाहुल्यांच्या दांड्या खुपसून दोन्हीकडे रांगा लावल्यात. उजवीकडे सज्जन, डावीकडे दुर्जन. मधोमध मांडी घालून बसलेला सूत्रधार, दालांग, रात्री नवाच्या सुमारास सुरू करतो आणि उजाडेपर्यंत उठत नाही. सगळी पात्रं तोच बोलतो, गातो तोच. हातातल्या लाकडी ठोकणीनं शेजारच्या पेटीवर टकटक करून मागच्या गामेलान वाद्यवृंदाला इशारे देतो, आणि दोन्ही हात गुंतले की पायाच्या बोटांनी पत्रे वाजवतो. प्रेक्षक हवं त्या बाजूनं बसतात, सावलीकडे किंवा बाहुलीकडे. मध्यरात्रीच्या आसपास कथेत धरणी हादरते, समुद्र उकळतो, आणि त्या उलथापालथीनंतर सेमार आणि त्याची पोरं पडद्यावर येतात. मग थट्टामस्करी सुरू होते. तांदळाच्या भावापासून गावच्या पाटलापर्यंत आजचं सगळं बोलायची परवानगी फक्त त्यांनाच.

कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकरांच्या घरी चामड्याच्या बाहुल्यांचं रामायण तुम्ही पाहिलं असेल, तर या पडद्यासमोर तुम्हाला परकं वाटणार नाही. तिथेही अख्खं आख्यान एकाच माणसाच्या तोंडून येतं. मला नेहमी वाटतं की हा चित्रपट मराठी प्रेक्षकाला गायपेक्षा लवकर कळतो. वडिलांनी ज्याचं नाव कर्णावरून ठेवलं तो सुकार्नो, डावीकडे तीस लाख सभासदांचा कम्युनिस्ट पक्ष आणि उजवीकडे लष्कर अशा दोन रांगा सांभाळत कुठल्या ताणाखाली बसला असेल, ते आपल्याला समजावून सांगावं लागत नाही.

पुढच्या घटना भराभर होतात. चीनमधून कम्युनिस्टांसाठी शस्त्रं येत आहेत हे जिलला वकिलातीत कळतं. गायचा जीव वाचावा म्हणून ती त्याला सांगते आणि तो त्याची बातमी करायला निघतो. (शेतकरी-कामगारांचं सशस्त्र दल उभारायची कल्पना आणि चीननं देऊ केलेल्या बंदुका या गोष्टी इतिहासात खऱ्या आहेत.) बिली ज्या बाईला मदत करत असतो तिचं पोर, उदिन, दूषित पाण्यानं मरतं. त्या खोलीत कॅमेरा जास्त वेळ थांबत नाही, पण तुम्ही थांबा. भिंत बांबूच्या तट्ट्याची आहे. बिलीनं आणलेले पैसे होते, माया होती, टॉल्स्टॉयला छळणारा प्रश्न होता की एवढी गरिबी डोळ्यांसमोर असताना माणसानं करायचं काय. त्यातलं काहीही त्या कालव्याच्या पाण्यापुढे टिकलं नाही. मग ज्याला आयुष्यभर देव मानलं त्या सुकार्नोंना, आपल्या लोकांना जेवू घाला, असं सांगणारा कापडी फलक बिली हॉटेल इंडोनेशियाच्या खिडकीतून खाली सोडतो. सुरक्षा पोलीस त्याला त्याच खिडकीतून फेकून देतात.

१ ऑक्टोबरची पहाट. इथे तुम्ही चित्रपटातही आहात आणि खऱ्या शहरातही. रात्री सैनिकांच्या तुकड्यांनी सहा सेनापतींना घरातून उचललं किंवा घरातच मारलं. संरक्षणमंत्री नासुत्योन भिंतीवरून शेजारच्या इराकी राजदूताच्या आवारात उडी मारून वाचले. त्यांच्या पाच वर्षांच्या मुलीला गोळी लागली, ती काही दिवसांनी गेली. त्यांच्याऐवजी त्यांच्या तरुण सहायक अधिकाऱ्याला पकडून नेलं. सकाळी सातनंतर रेडिओवर उठाव करणाऱ्या लेफ्टनंट कर्नल उंतुंगचं निवेदन लागतं. मेर्डेका चौकात सैनिक बसून आहेत, टेलिफोन बंद आहेत. संध्याकाळपर्यंत मेजर जनरल सुहार्तो आकाशवाणी केंद्र परत ताब्यात घेतात आणि उठाव बारगळतो.

चित्रपटात गाय राष्ट्राध्यक्षांच्या राजवाड्यापाशी जातो. एक सैनिक बंदुकीचा दस्ता त्याच्या तोंडावर हाणतो आणि त्याचा एक डोळा जायची वेळ येते. डोळ्यावर पट्टी बांधून तो बिलीच्या बंगलीत पडून असतो. तिथे त्याचा मदतनीस कुमार येतो. कुमार कम्युनिस्ट पक्षाचा माणूस आहे, शिकलेला, शांत, आणि आपली बाजू हरली हे त्याला कळून चुकलंय. तोच गायला गाडीतून विमानतळावर पोचवतो. रस्त्याच्या कडेला सैनिक माणसांना गोळ्या घालताना दिसतात. टेपरेकॉर्डर मागे टाकून गाय धावपट्टी ओलांडतो, शिडीच्या वर जिल उभी असते, दोघं मिठीत. दार बंद होतं.

इथे उतरा. विमानात चढू नका. कुमारची गाडी परत वळली आहे, तिच्यात बसा.

हा माझा आक्षेप. वीअरचा कॅमेरा त्या दोघांबरोबर उडून गेला आणि कुमारचं काय झालं ते विचारायचं राहून गेलं. चित्रपट जेवढे दिवस दाखवतो, त्याच्या नंतरच्या सहा महिन्यांत या देशात पाच ते दहा लाख माणसं मारली गेली. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात मध्य जावात, मग पूर्व जावात, डिसेंबरात बालीत. एकट्या बालीत अंदाजे ऐंशी हजार. पूर्व जावातल्या ब्रांतास नदीतून प्रेतं वाहत होती. लष्करानं याद्या केल्या, तरुणांच्या टोळ्यांना हत्यारं आणि मुभा दिली. अमेरिकन वकिलातीनं कम्युनिस्टांची नावं लष्कराला पुरवली, हे पुढे तिथल्या अधिकाऱ्यांनीच सांगितलं. मारल्या गेलेल्यांत पक्षाचे कार्यकर्ते होते, कामगार संघटनेचे सभासद होते, शिक्षक होते, जमिनीच्या वाटपात कुळाच्या बाजूनं उभे राहिलेले साधे शेतकरी होते.

आणि ही कथा वार्ताहरांची आहे म्हणता, तर आता वर्तमानपत्रं बघा. डाव्यांची सगळी पत्रं बंद झाली आहेत. फुटपाथवर लष्कराची दोन दैनिकं मिळतात. ४ ऑक्टोबरला शहराच्या कडेच्या लुबांग बुआयातल्या विहिरीतून सेनापतींची प्रेतं कॅमेऱ्यांसमोर वर काढली. त्याच रात्री लष्करी रुग्णालयात शवविच्छेदन झालं, तेही सुहार्तोंच्याच हुकमावरून. डॉक्टरांना गोळ्यांच्या आणि बोथट माराच्या जखमा आढळल्या. डोळे जागेवर होते, अवयव शाबूत होते. अहवाल लिहून दिला गेला. त्यानंतर काही दिवसांत या दैनिकांत काय छापून आलं? गेरवानी या डाव्या महिला संघटनेच्या बायकांनी नग्न नाच करत सेनापतींचे डोळे काढले, लिंगं कापली. या बायका तोवर काय करत होत्या? साक्षरतेचे वर्ग चालवत होत्या, बालवाड्या काढत होत्या, पुरुषांच्या बहुपत्नीकत्वाविरुद्ध लढत होत्या. पेपर हातात घ्या. स्वस्त कागद आहे, शाई बोटाला लागते. तुमच्या शेजारी उभा असलेला माणूस तो मोठ्यानं वाचून दाखवतोय आणि भोवतीचे लोक ऐकताहेत. खरा अहवाल सरकारी कपाटात आहे. बेनेडिक्ट अँडरसन हा अभ्यासक तो १९८७ मध्ये जगासमोर आणील. बावीस वर्षं उशीर झालेला असेल.

त्या खोट्याचा नंतर चित्रपटही निघाला. १९८४ मध्ये सरकारी पैशातून, आरिफिन नूर यांच्या दिग्दर्शनाखाली. दरवर्षी ३० सप्टेंबरला तो दूरदर्शनवर दाखवला जाई, शाळकरी मुलांना सक्तीनं बघायला लावत. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले सुहार्तो १९९८ मध्ये पायउतार झाले तेव्हाच तो थांबला. वीअरच्या चित्रपटावर त्या सगळ्या काळात इंडोनेशियात बंदी होती.

बाहेरच्या जगानं तरी हे पाहिलं का? बहुतेक परदेशी वार्ताहरांना गावांपर्यंत जाताच आलं नाही. पण न पाहिल्यामुळे मत द्यायचं कुणाचं अडलं नाही. जुलै १९६६ मध्ये 'टाइम' साप्ताहिकानं इंडोनेशियातल्या सत्तांतराला, आशियातून पश्चिमेसाठी आलेली कित्येक वर्षांतली सर्वांत चांगली बातमी ठरवलं. बारमधला कर्टिस मला त्या पानावर स्पष्ट दिसतो.

अजून परत फिरू नका. १३ ऑक्टोबर १९६५ ची रात्र, पूर्व जकार्तातलं एक घर. दारावर सैनिक आणि दगड मारणारा जमाव. आत प्रामुद्या अनंता तूर हा लेखक आहे, वय चाळीस. 'बिंतांग तिमूर' या दैनिकाची वाङ्मयीन पुरवणी तो सांभाळायचा. बंदुकीचा दस्ता त्याच्या डोक्यावर बसतो आणि त्याचं ऐकू येणं जन्मभरासाठी अधू होतं. त्याच पंधरवड्यातला, तशाच दस्त्याचा आणखी एक तडाखा तुम्ही पडद्यावर पाहिलात. तो ज्याच्या डोळ्यावर बसला त्याला विमान मिळालं. प्रामुद्यांना चौदा वर्षांचा तुरुंगवास मिळाला, खटल्याशिवाय. त्यांचं ग्रंथालय, हस्तलिखितं, वर्षानुवर्षं जमवलेली टिपणं नष्ट झाली.

१९६९ मध्ये त्यांना बुरू बेटावर नेलं. तिथे सुमारे बारा हजार राजबंदी होते. जंगल तोडायचं, रस्ते करायचे, स्वतःचं भात स्वतः पिकवायचं. लिहायला कागद नाही. प्रामुद्यांनी एक कादंबरी मनात रचली आणि दिवसाच्या कष्टांनंतर सोबतच्या कैद्यांना तोंडी सांगायला सुरुवात केली. डच अमलातल्या एका जावानी तरुणाची ही कथा, आणि तो तरुण कोण, तर वर्तमानपत्रांत लिहू लागलेला पत्रकार. त्या कैद्यांमध्ये जाऊन बसा. अंगाला चिखल आहे, पोटात भूक आहे, आणि पुढे काय झालं हे ऐकायला माणसं दुसऱ्या बराकीतून येतात. टंकलेखनयंत्र त्यांना कित्येक वर्षांनी मिळालं.

शेवटचा मुक्काम १९८० चं जकार्ता. प्रामुद्या सुटून आलेत. त्यांच्याबरोबर दोन जुने संपादक आहेत: हाशिम रहमान, ज्यांच्या 'बिंतांग तिमूर'ची पुरवणी प्रामुद्या पाहायचे, आणि 'मेर्डेका' दैनिकाचे एके काळचे संपादक, आशियाई-आफ्रिकी पत्रकार संघटनेचे सरचिटणीस यूसुफ इसाक. तिघांनीही वर्षानुवर्षं कैद भोगलेली. कुठल्याही वृत्तपत्रात त्यांना काम मिळण्याची सोय नाही, म्हणून ते 'हस्त मित्र' नावाची प्रकाशनसंस्था काढतात. ऑगस्टमध्ये 'बुमी मानुसिया' हा कादंबरीचा पहिला भाग बाहेर पडतो. दुकानात चला, प्रत घ्या, लवकर घ्या; आवृत्त्या संपताहेत. मे १९८१ मध्ये सरकार बंदी घालेल. पुढच्या वर्षी पीटर वीअर मनिलाच्या रस्त्यांवर खोटं जकार्ता उभं करील, धमक्या आल्यावर चित्रीकरण आवरून सिडनीला जाईल आणि चित्रपट पुरा करील. ही तीन माणसं मात्र जकार्तातच राहतील. चौकशीला बोलावणं आलं की जातील, परत येऊन मुद्रितं तपासतील. कादंबरीचा तिसरा भाग ते १९८५ मध्ये काढतील, त्यावर बंदी येईल. चौथा १९८८ मध्ये काढतील, त्यावरही येईल.